लाल कोटातले दोन भाऊ: शिडांच्या काळातले मरीन कागदांत कसे शोधायचे

आपल्याकडे दर दुसऱ्या घरातला कोणीतरी पानिपतावर पडलेला असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तसा दर दुसऱ्या घरातला कोणीतरी ट्रॅफलगरला, म्हणजे १८०५ च्या प्रसिद्ध समुद्री लढाईत, इंग्रज नौसेनापती नेल्सनबरोबर असतो. आमच्या शेजारच्या आजींच्या घरातले तर दोघं होते. सख्खे भाऊ, शेतमजुराची पोरं, "लाल कोट घालून जहाजावर गेली", एवढीच गोष्ट पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून त्यांच्याकडे आलेली.

मी डेव्हनमधल्या एका खेड्यात राहते, प्लिमथपासून गाडीने तासाभरावर. गावाच्या इतिहास मंडळात माझी सुरुवात चहाचे कप विसळण्यापासून झाली. पुढे "तुला कॉम्प्युटर येतो ना?" एवढ्याच भांडवलावर हे दोन भाऊ माझ्या गळ्यात पडले. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे. नवऱ्याच्या किंवा सुनेच्या माहेरचं कोणी असं शोधायचं असेल, किंवा नुसती हौस असेल, तर निम्मं काम पुण्यात बसूनही होतं.

तो खरंच मरीन होता का?

घरच्या गोष्टीतला "लाल कोट" हा शब्द सोडू नका. साध्या खलाशाला त्या काळी सरकारी गणवेशच नव्हता. तो मिळाला १८५७ साली. जहाजावर लाल कोट म्हणजे बहुतेक वेळा मरीन. मरीन म्हणजे जहाजावर चढवलेला शिपाई. कप्तानाच्या दाराशी, दारूगोळ्याच्या कोठाराशी, रमच्या साठ्याशी त्याचा पहारा. लढाईत डेकवरून बंदूक चालवायची आणि तोफेला माणसं कमी पडली की तिथे हात लावायचा. एरवी दोर ओढायला बोलावलं तर जायचं, पण डोलकाठीवर चढायची सक्ती त्याच्यावर करता येत नसे.

१७५५ साली नौदलाच्या अखत्यारीत मरीनांच्या ५० कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्या तीन डिव्हिजनांत वाटल्या: चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ. १८०२ मध्ये त्यांना 'रॉयल' हे बिरूद मिळालं, १८०५ मध्ये वूलिच ही चौथी डिव्हिजन झाली. १७५५ च्या आधीचे मरीन हे लष्कराच्या पलटणींत मोडत. त्यांचे कागद वेगळे, त्यांच्या वाटेला इथे मी जात नाही.

आता या लेखातलं सगळ्यात कामाचं वाक्य. खलाशी जहाजाचा असतो, मरीन डिव्हिजनचा. जहाज मोडीत निघालं की खलाशी मोकळा, उद्या कुठल्याही जहाजावर. मरीन मात्र आपल्या डिव्हिजनच्या बराकीत परत येतो आणि तिथून पुन्हा दुसऱ्या जहाजावर जातो. त्यामुळे खलाशी शोधताना आधी जहाज हवं आणि मरीन शोधताना आधी डिव्हिजन. मी खलाशांवरचा मार्गदर्शक वाचून मरीन शोधायला निघाले होते. दोन महिने एका भलत्याच माणसाच्या मागे वेस्ट इंडीजपर्यंत जाऊन आले.

पहिली पायरी: चर्चची वही, आणि मेलेल्यांना वगळणं

दोघांचे बाप्तिस्मे शोधा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर बरंचसं फुकट मिळतं. १८०० च्या आसपास भरती झालेली पोरं १७८० च्या आगेमागे जन्मलेली असतात आणि त्या काळच्या नोंदीत तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं एवढंच असतं. बापाचा धंदा लिहायचा छापील तक्ता १८१३ पासून आला.

इथे सगळ्यात मोठा खड्डा नावांचा आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत त्यांच्याकडेही होती. तीन मुलगे असलेल्या आजोबांचे तीन नातू एकाच नावाचे, एकाच गावात, चार-पाच वर्षांच्या फरकाने. शिवाय बाळ दगावलं तर पुढच्या बाळाला तेच नाव पुन्हा. म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच उड्या मारू नका. त्याच चर्चची दफनांची वही काढा आणि त्या नावाचं लहान मूल पुरल्याची नोंद आहे का ते बघा. असेल तर त्याच्यावर काट मारा. मग लग्नांची वही घ्या. त्याच नावाचा चुलतभाऊ १८०३ ते १८१० या काळात गावातच लग्न करून दर दोन वर्षांनी पोरांचे बाप्तिस्मे करत असेल, तर तो समुद्रावर नव्हता. त्याच्यावरही काट. माझा वेस्ट इंडीजवाला या चाळणीतून आधी गाळला असता, तर दोन महिने वाचले असते.

आडनावाच्या स्पेलिंगवर तर मुळीच विसंबू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. आपलंच आडनाव पासपोर्टवर एक आणि विजेच्या बिलावर दुसरं असतं, ही तर दोनशे वर्षांपूर्वीची निरक्षर माणसं. कमीत कमी चार स्पेलिंगं करून कागदावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: डिव्हिजन

पश्चिमेकडचा गडी बहुधा प्लिमथ डिव्हिजनला जाई, दक्षिणेचा पोर्ट्समथला, लंडन आणि पूर्वेकडचा चॅटमला. बहुधा म्हणते, कारण भरतीची टोळी फिरती असे. सार्जंट आणि ढोलवाला जत्रेच्या दिवशी खानावळीत बसत, रोख बक्षिसाचं आमिष दाखवत, आणि टोळी कुठली तिथली डिव्हिजन. मरीन हे सहसा असे भरती झालेले असत, खलाशांसारखे जबरदस्तीने उचललेले नव्हेत. भरती झाल्यावर मॅजिस्ट्रेटपुढे शपथ, कागदावर सही किंवा फुली. तुमचं नशीब इथे उघडतं, कारण स्वखुशीने आलेल्या माणसाचे कागद नीट केले जात.

जहाजाचं नाव आधीच ठाऊक असेल तर उलट्या बाजूने या. जहाजाच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, मरीनच्या नावापुढे कंपनीचा क्रमांक मिळू शकतो. प्रत्येक कंपनी ठरावीक डिव्हिजनची असते. कोणता क्रमांक कुठल्या डिव्हिजनचा, याचा तक्ता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर आहे.

एक सूचना. कंपनी ही फक्त कागदावरची सोय होती. एकाच कंपनीतले दोन भाऊ एकाच जहाजावर असतीलच असं नाही. एका जहाजावरच्या तुकडीत वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक सर्रास असत.

तिसरी पायरी: वर्णनवही

या पायरीला हवा तेवढा वेळ द्या. नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एडीएम १५८ या क्रमांकाखाली मरीनांच्या वर्णनवह्या आहेत, १७५५ पासूनच्या. (हे क्रमांक शोधताना अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.) डिव्हिजनवार, मग आडनावाचं आद्याक्षर आणि भरतीची तारीख, अशी त्यांची मांडणी. म्हणजे डिव्हिजन कळल्याशिवाय इथे डोकं आपटून उपयोग नाही, आणि कळली की एका दुपारचं काम.

सगळ्या वह्या ऑनलाइन नाहीत. क्यूला जाता येत असेल तर जा. वाचकाचं कार्ड काढावं लागतं, ते फुकट असतं. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. फोनने फोटो काढता येतात. लांब असाल तर पैसे भरून प्रती मागवता येतात, पण वहीचा नेमका क्रमांक द्यावा लागतो.

वहीत काय असतं? वय, जन्मगाव, आधीचा धंदा, भरतीची तारीख आणि जागा, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, चेहऱ्याची वर्णछटा. आणि उंची नुसती फुटांत आणि इंचांत नसते, पाव इंचापर्यंत मोजलेली असते. आमच्या गावातला थोरला पाच फूट सव्वापाच इंच. केस गडद तपकिरी, डोळे करडे, धंदा मजूर. त्याचं चित्र कुठेही नाही, असायचं कारणही नाही. पण प्लिमथला एका कारकुनाने त्याला भिंतीशी उभं करून मोजलं होतं.

भावांच्या शोधात वर्णनवहीची एक जादा गंमत आहे. आडनावाचं अक्षर तेच, त्यामुळे भाऊ जवळपास भरती झाले असतील तर एकाच पानावर सापडतात. थोरला मिळाला की थांबू नका. तीन महिने मागे आणि वर्षभर पुढे ओळ न ओळ वाचा. आमचा धाकटा त्याच पानावर खाली होता, चार दिवसांनी भरती झालेला, भरतीची जागा तीच, वयाच्या रकान्यात अठरा. चर्चच्या वहीप्रमाणे तो सोळाचा होता. वय वाढवून सांगणं सर्रास चाले आणि खरं वय स्वतःला ठाऊक नसणं त्याहून सर्रास, म्हणून दोन-तीन वर्षांचा फरक मनावर घेऊ नका. आणि दोघांच्या पुढे गावाचं नाव दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी! चार दिवसांच्या अंतराने, एकाच अक्षरात, एकाच कारकुनाने.

अक्षराबद्दल सांगायचं तर मोडी वाचायचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना हे जड जाणार नाही. नावं तोडून लिहिलेली असतात: 'विल्यम'चा पहिला डब्ल्यू आणि वर छोटासा एम, 'जेम्स'चं 'जास'. इंग्रजी एस काही ठिकाणी एफसारखा लांब दिसतो. पहिल्या दिवशी एकही ओळ धड लागणार नाही. तिसऱ्या दिवशी त्या कारकुनाची आणि तुमची ओळख झालेली असते.

याशिवाय भरतीचे मूळ कागद एडीएम १५७ मध्ये आहेत, साधारण १७९० पासून. ते मिळाले तर त्यावर त्याची स्वतःची सही किंवा फुली असते. मात्र प्रत्येकाचे टिकलेले नाहीत. आमच्या दोघांपैकी एकाचाच मिळाला. फुली होती.

चौथी पायरी: मस्टर आणि लॉग

मस्टर, म्हणजे वर सांगितलेला हजेरीपट. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामावर अजून हाच शब्द चालतो आणि वस्तूही तीच: कोण हजर, कोणाला किती पगार, कोणाच्या पगारातून काय कापायचं. जहाजांचे मस्टर एडीएम ३६ मध्ये १८०८ पर्यंतचे आणि ३७ मध्ये त्यापुढचे. मरीनांची यादी सहसा खलाशांच्या यादीपासून वेगळी, मागे असते. नवखा माणूस पुढची यादी वाचतो आणि "आमचा नाहीच" म्हणून वही मिटतो. शिवाय खलाशांच्या नावापुढे वय आणि जन्मगाव असतं, मरीनांच्या पुढे बहुधा ते नसतं. म्हणून नुसत्या मस्टरवरून मरीन सिद्ध करू नका. वर्णनवहीचा आधार हवाच.

कोण कोणत्या जहाजावर गेला हे डिव्हिजनच्या पगारयाद्यांतून, म्हणजे एडीएम ९६ मधून कळतं. ट्रॅफलगरचीच शंका असेल तर आधी नॅशनल आर्काइव्ह्जची ट्रॅफलगरवीरांची यादी फुकट तपासा. १८,००० हून जास्त नावं आहेत, मरीनसुद्धा.

मस्टरच्या शेवटच्या रकान्यात एखाद-दोन अक्षरं असतात. डी म्हणजे जहाजावरून कमी केला, दुसरीकडे पाठवला. आर म्हणजे पळाला. डीडी म्हणजे मेला. या दोन अक्षरांवर बोट ठेवताना मी आजींना लगेच फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी केला. थोरल्यापुढे डीडी होतं. लढाई नव्हती, ते जहाज ब्रेस्ट या फ्रेंच बंदराच्या नाकेबंदीत महिनोन्महिने वाऱ्यात उभं होतं. तोफेने मेले त्यापेक्षा किती तरी जास्त लोक त्या युद्धात आजाराने आणि अपघाताने मेले.

लॉग म्हणजे जहाजाची रोजनिशी. कप्तानाचे लॉग एडीएम ५१ मध्ये, जहाजाच्या मास्टरचे (म्हणजे दिशा आणि मार्ग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे) ५२ मध्ये. बहुतेक पानं वारा, दिशा, किती पिंपं पाणी उरलं, कोणतं शीड फाटलं यांचीच. पण मधूनच शिक्षा झालेल्यांची नावं येतात: अमुक मरीन, दारू पिणं, बारा फटके. घरच्यांना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगते.

लॉग वाचताना तारखेचा एक सापळा आहे. १८०५ च्या शेवटापर्यंत जहाजाचा दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा असा धरत आणि तो किनाऱ्यावरच्या तारखेच्या अर्धा दिवस पुढे असे. ट्रॅफलगरची लढाई २१ ऑक्टोबरच्या दुपारची. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या लॉगमध्ये ती दुपार २२ तारखेखाली येते. माणूस मस्टरमध्ये २१ ला आणि लॉगमध्ये २२ ला मेलेला दिसला तर घाबरू नका, दोन्ही बरोबर असू शकतात.

जाता जाता एक घरचा दुवा. जहाजाचं नाव मिंडेन, कॉर्नवॉलिस किंवा वेलस्ली असेल तर ते मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं आहे, अनुक्रमे १८१०, १८१३ आणि १८१५ मध्ये. त्याच गोदीतली १८१७ ची त्रिंकोमाली ही फ्रिगेट (मध्यम आकाराची लढाऊ नौका) आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. मुलांना घेऊन जा आणि तोफांच्या डेकवर वाकून चाला, म्हणजे पाच फूट सव्वापाच इंच उंचीचा फायदा कळेल. आणि तुमचा मरीन मुंबईत किनाऱ्यावर वारला असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबईच्या चर्चनोंदींच्या प्रती आहेत, तिथे दफन सापडू शकतं.

पाचवी पायरी: मागे राहिलेले

दोन भाऊ खरंच भाऊ आहेत हे ठरवायला आईसारखा पुरावा नाही. १७९५ च्या कायद्यानंतर जहाजावरच्या माणसाला पगाराचा काही हिस्सा बायकोच्या किंवा आईच्या नावे लावून देता येई. त्याच्या नोंदवह्या एडीएम २७ मध्ये आहेत. पैसे घेणाऱ्या बाईचं नाव आणि गाव चर्चच्या वहीशी जुळलं की तुमचं काम झालं.

मृत्युपत्रंही बघा. साध्या शिपायाचं कसलं मृत्युपत्र, असं मला वाटलं होतं. पण थकलेला पगार आणि लुटीतला वाटा कोणाला द्यायचा, यासाठी छापील फॉर्म भरून घेत. ते एडीएम ४८ मध्ये आहेत. डेव्हनकरांना तर हा फार मोठा आधार आहे, कारण एक्सेटरला ठेवलेली इथली जुनी मृत्युपत्रं १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. नौदलाकडे होती ती वाचली.

पदकांच्या यादीत नाव नसलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. १७९३ पासूनच्या लढायांचं पदक मंजूर झालं १८४७ मध्ये, तेही तोवर जिवंत असलेल्या आणि स्वतः अर्ज केलेल्या लोकांनाच.

जखमी किंवा म्हातारा होऊन परतलेला असेल तर जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गरीब-कायद्याचे कागद काढा. याला पोसायची जबाबदारी कोणत्या गावाची, हे ठरवायला त्याचा जबाब घेत आणि त्यात कुठे जन्मलो, कुठे चाकरी केली, लग्न कधी झालं असं सगळं आयुष्य अर्ध्या पानात येतं. माझ्या मते मरीनवरचे सगळ्यात जिवंत कागद हेच. मिळतील याची खात्री मात्र नाही.

शेवटी जनगणना. १८४१ च्या जनगणनेत जन्माचं गाव नसतं, फक्त त्याच जिल्ह्यात जन्मला की नाही एवढंच. १८५१ मध्ये गाव असतं.

धाकटा मला तिथे भेटला. नेल्सनशी त्याचाही संबंध नव्हता, ट्रॅफलगरच्या दिवशी तो बराकीत होता. प्लिमथजवळच्या एका गल्लीत, विधुर, मुलीच्या घरी राहणारा, धंद्याच्या रकान्यात मरीन पेन्शनर. नातवाचं नाव थोरल्याचं. हे सगळं मी आजींना वाचून दाखवलं. ट्रॅफलगर गेल्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. चष्मा लावून त्यांनी जन्मगावाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि हसायला लागल्या. जनगणनेच्या कारकुनाने आमच्या गावाचं तिसरंच स्पेलिंग केलं होतं.